जुन्या लॉन मोअरला नवी धार

पावसाळा ओसरू लागला, की बागेतील हरळी बेसुमार वाढलेली दिसते आणि गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहिलेल्या, हाताने ढकलण्याच्या लॉन मोअरची आठवण होते. छावणी भागातील जुने बंगले, रेल्वे वसाहती, शासकीय निवासस्थाने अशा ठिकाणी बिडाच्या चाकांची ही यंत्रे अजूनही आढळतात. गंजलेले रूप पाहून भंगारवाला वजनावर भाव सांगतो आणि पुष्कळदा सौदा तेथेच ठरतो. वास्तविक वरवरचा गंज हे यंत्र मोडीत काढण्याचे कारण नव्हे.

या यंत्राची कल्पना कापडगिरणीतून आली. इंग्लंडमधील स्ट्राउडचा परिसर लोकरी कापडासाठी प्रसिद्ध होता. कापडावरील लव सारखी कातरणारे फिरत्या पात्यांचे यंत्र पाहून एडविन बडिंग या तंत्रज्ञाला तीच युक्ती गवतासाठी सुचली आणि १८३० मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही. सर्पिल पात्यांचा दंडगोल फिरतो, खाली एक स्थिर पाते असते आणि दोहोंमध्ये सापडलेले गवत कात्रीप्रमाणे कापले जाते. या दोन धारांचा हलका स्पर्श संपूर्ण रुंदीभर साधणे, हेच दुरुस्तीचे मर्म आहे. अनेक जण प्रारंभ रंगकामाने करतात. यंत्र देखणे होते, गवत मात्र कापत नाही.

प्रथम बिडाच्या बाजू तडकल्या आहेत काय आणि दात्यांची चाके शाबूत आहेत काय, हे पाहावे. बिडाचे जोडकाम घरी होण्यासारखे नसल्याने असा दोष आढळल्यास खर्चाचा विचार आधी करावा. बाकी सारे कष्टाचे काम आहे. गंजून घट्ट बसलेल्या नटांवर रॉकेल किंवा गंज सोडवणारे तेल सोडून एक-दोन दिवस थांबावे. भाग सुटे करताना डाव्या-उजव्या बाजूंवर खुणा कराव्यात. चाकांतील लहान दंतचक्रांची अदलाबदल झाली, तर यंत्र कितीही ढकलले तरी दंडगोल फिरत नाही! चाक किंचित हलले तरी पाती फिरतात. म्हणून हातमोजे घालावेत आणि पात्यांमध्ये लाकडाची खुंटी अडकवूनच हात घालावा. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाले. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासू नये. पाण्याने ओला करून वॉटर पेपरने काढावा, मुलांना दूर ठेवावे.

धार लावण्यापूर्वी बेअरिंगचा ढिलेपणा काढणे अगत्याचे आहे. दंडगोलच डळमळत असेल, तर पुढील जुळवणी टिकत नाही. त्यानंतर मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट पात्यांच्या कडांना लावून दंडगोल उलट दिशेने फिरवावा. सुलट फिरवल्यास तो कापतो, उलट फिरवल्यास दोन्ही धारा परस्परांना घासून जुळतात. घासण्याचा आवाज सर्वत्र सारखा येऊ लागला, की पेस्ट रॉकेलने पूर्ण धुऊन काढावी. ती बेअरिंगमध्ये शिरली, तर बेअरिंग खाऊन टाकते. खोल खाच पडलेले स्थिर पाते मात्र ग्राइंडिंगच्या कारखान्यातच न्यावे.

अखेरची परीक्षा वर्तमानपत्राच्या पट्टीने होते. दंडगोल सावकाश फिरवत प्रत्येक पात्याने डावीकडे, मध्यभागी आणि उजवीकडे कागद स्वच्छ कापला पाहिजे. जेथे कागद नुसता दुमडतो, त्या बाजूचा स्क्रू अगदी थोडा आवळावा. एकदम घट्ट आवळण्याचा मोह आवरावा, कारण त्याने ढकलणे जड होते आणि नुकतीच लावलेली धार झिजते.

पहिली कापणी दव सुकल्यावर करावी. एका वेळी गवताच्या उंचीचा तिसरा हिस्सा पुरे. काम संपल्यावर पाती पुसून त्यांवर तेलाचा हात फिरवावा आणि यंत्र कोरड्या जागी, ओल्या फरशीपासून दूर, फळीवर ठेवावे.