माईक का किंचाळतो?

जळगाव-धुळ्याकडचा कोणताही समारंभ डोळ्यांपुढे आणा. शाळेचे स्नेहसंमेलन असो, लग्नाचा स्वागतसोहळा असो की एखाद्या आजोबांची पंचाहत्तरी. आजोबा उठतात, चष्मा सारखा करतात, ‘मंडळी...’ एवढे म्हणतात आणि कर्ण्यातून ‘कुंईऽऽ’ अशी किंकाळी फुटते! मुले कानांत बोटे घालतात. आजोबा दचकून दोन पावले मागे सरतात. कार्यवाह ‘आवाज वाढवा’ म्हणून हातवारे करतात, आणि किंकाळी अधिकच चढते. आजोबांना जे सांगायचे होते, ते त्यांच्यापाशीच राहते.

सगळे यंत्राला बोल लावतात. पण बहुधा ते बिचारे निर्दोष असते. माईकने ऐकलेले कर्णा मोठ्याने सांगतो. ते पुन्हा माईकच्या कानी पडले, की तो तेही इमानाने पुढे धाडतो. प्रत्येक फेरीत आवाज थोडा जरी वाढत गेला, तरी क्षणार्धात एकच सूर बाकी साऱ्यांना गिळून टाकतो. सोरेन लार्सन (१८७१–१९५७) या डॅनिश शास्त्रज्ञाच्या नावावरून याला ‘लार्सन परिणाम’ म्हणतात. तेव्हा ही व्याधी काही खास खानदेशी नव्हे!

खरी गोम आहे ती त्या दोन पावलांत. तोंड आणि माईक यांतले अंतर निम्मे केले, तर माईकपर्यंत पोचणारी ध्वनिशक्ती सुमारे चौपट होते. मग यंत्राचा आवाज तेवढा उतरवता येतो आणि किंकाळी आपोआप निवते. आपण करतो नेमके उलटे. हळू बोलणारा माणूस भिऊन मागे सरतो, आणि शिक्षा त्यालाच होते.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. ती आज घरोघरी वाचायला मिळतात, कारण साने गुरुजींनी ती टिपून घेतली. आपल्या आजोबांना असा लेखनिक कुठून मिळणार? त्यांची भिस्त माईकवरच.

म्हणून कर्णे वक्त्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत. सभेचे बहुतेक माईक समोरचे अधिक ऐकतात, पाठीमागचे कमी. पण त्याची जाळी मुठीत धरली, की हा गुण जातो. (हौशी गायक हटकून तेच करतात!) पाच पाहुण्यांपुढे पाच माईक मांडण्याची हौस असेल तर मांडा, पण बोलणाऱ्याचा तेवढा चालू ठेवा.

जागेचाही हात असतो. जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात आवाजाला आकाश मोकळे आहे; फरशी, उघड्या भिंती आणि पत्र्याचे छप्पर असलेल्या कार्यालयात तो आपटून परत येतो. माणसे आणि त्यांचे कपडे बराच आवाज शोषतात. म्हणून मंडळी येण्यापूर्वीच, रिकाम्या दालनात, आवाज हळूहळू वाढवत न्यावा. शिट्टीची चाहूल लागताच थोडा खाली आणून तिथेच ठेवावा. जाणकार माईकवाला नेमका तो सूर तेवढा कमी करतो.

आणि हो, त्या माईकवाल्याचे पान आधी वाढा. आजोबा बोलायला उठतात, तेव्हा तो पंगतीत असता कामा नये.