गव्हाचे जनुकीय रूपांतरण : उत्पादनवाढ की उत्पादनाची हमी?

हरितक्रांतीचे बीज जनुकातच होते. जपानच्या 'नोरिन-१०' वाणातील बुटकेपणाची जनुके नॉर्मन बोरलॉग यांनी संकराद्वारे मेक्सिकोतील गव्हात आणली आणि १९६६ मध्ये भारताने त्या गव्हाचे सुमारे १८ हजार टन बियाणे आयात केले. बुटके रोप खताची मोठी मात्रा पचवूनही लोळत नाही. देशाच्या अन्नसुरक्षेला त्याचा मोठा आधार मिळाला. तो संकर गव्हाचा गव्हाशी होता. जनुकीय रूपांतरणात मात्र परक्या सजीवाचे जनुकही पिकात आणता येते.

अशा तंत्राने गव्हाचा उतारा एकदम दुप्पट होईल, ही अपेक्षा अवाजवी आहे. गव्हात तीन पूर्वज वनस्पतींचे जनुकसंच एकत्र नांदतात. त्याचा संपूर्ण जनुकनकाशा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा एक लाखाहून अधिक जनुके नोंदली गेली. दाण्यांची संख्या, वजन, पक्वतेचा काळ यांवर त्यांतील अनेकांचा एकत्रित प्रभाव असतो. 'उत्पादनाचे जनुक' असे एखादे नाहीच.

म्हणूनच अर्जेंटिनाचा 'एचबी-४' गहू अभ्यासण्याजोगा आहे. रॅकेल चॅन यांच्या संशोधनगटाने सूर्यफुलातील एक नियामक जनुक गव्हात घातले. पाण्याचा ताण पडताच पाने अकाली पिवळी पडण्याची क्रिया त्यामुळे लांबते आणि दाणे भरण्यास अवधी मिळतो. कोरड्या परिस्थितीत उत्पादन वीस टक्क्यांपर्यंत अधिक मिळते, असा विकसित करणाऱ्या कंपनीचा दावा आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत हा उत्पादनवाढीपेक्षा विम्याचा प्रकार होय. विम्याचा हप्ता म्हणजे बियाण्याची जादा किंमत. ती शेतकऱ्याला परवडेल की नाही, हे त्याच्या भागात दुष्काळ किती वेळा पडतो यावर ठरेल.

परंतु खरी परीक्षा बाजारात झाली. अर्जेंटिनाने २०२० मध्ये मान्यता दिली ती ब्राझील आयातीस तयार असेल या अटीवर, कारण तिच्या गव्हाचा सर्वांत मोठा ग्राहक ब्राझील. त्या देशाने २०२१ मध्ये पिठाला होकार दिल्यानंतर २०२२ मध्ये लागवड खुली झाली. ही सावधगिरी अनाठायी नव्हती. अमेरिकेत मोन्सँटोने तणनाशक-सहनशील गहू २००४ मध्ये बाजारात आणण्याआधीच मागे घेतला होता. तरीही २०१३ मध्ये ओरेगॉनच्या एका शेतात तशी रोपे सापडताच जपानने तेथील पांढऱ्या गव्हाची खरेदी थांबवली.

भारतात गव्हाचे व्यापारी जनुकीय वाण नाही. आपली निकड थोडी वेगळी आहे : मार्च २०२२ च्या उष्णतेने दाणा आक्रसला आणि मे महिन्यात निर्यातबंदी करावी लागली. उष्णता-सहनशील वाण पारंपरिक पैदाशीतूनही तयार होतात, आणि वेळेवर पेरणी हा त्याहून स्वस्त उपाय आहे. महाराष्ट्राचा हेक्टरी उतारा पंजाबच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी राहतो तो मुख्यतः आखूड हिवाळा आणि अपुरे सिंचन यांमुळे. यातील पाण्याचा प्रश्न तरी प्रयोगशाळेबाहेरचा आहे.

परके जनुक न घालता स्वतःच्याच जनुकांत नेमका बदल करणारे जनुकसंपादन मात्र पुढे सरकत आहे. मार्च २०२२ मध्ये केंद्राने अशा पिकांच्या काही प्रकारांना जनुकीय पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली आणि मे २०२५ मध्ये भाताच्या दोन वाणांची घोषणा झाली. गव्हाच्या बाबतीत एकाच जनुकाच्या सहसा तीन प्रती एकाच वेळी बदलाव्या लागतात, त्यामुळे तेथे काम अधिक किचकट आहे.