भाव कोण बदलणार?

वेबसाइट मागायला आलेला दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "म्याडम, कितीत होईल?" मी उलट विचारते, "काकाजी, बनल्यावर तिच्यातला भाव कोण बदलणार?" बहुतेक जण माझ्याकडेच बोट दाखवतात.

गोंदियात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, तांदळाच्या पोत्यांवर छापायची डिझाइनं, हंगामात ऑनलाइन फॉर्म. वेबसाइटचं काम त्यात मागाहून आलं. दर बदलाचे पैसे लावले तर माझा धंदा बरा चालेल. पण तांदळाचा भाव हलला त्याच दिवशी मला लग्नसराईतून डोकं वर काढायला वेळ मिळेलच असं नाही. मग बालाघाटचा व्यापारी वेबसाइटवरचा जुना भाव पाहून फोन करतो आणि राइस मिलवाल्याचं पहिलं बोलणंच खुलाशाचं होतं. जिच्यावर जुना भाव आहे अशा वेबसाइटपेक्षा वेबसाइट नसलेली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून ती बनवण्याचं सॉफ्टवेअर निवडताना डिझाइन किती झकास दिसतं हे मी शेवटी पाहते. आधी पाहते ते हे, की मालक किंवा मुनीम एकटा बसून त्यात फेरफार करू शकतो का.

पूर्वी हे इतकं सोपं नव्हतं. १९९० च्या दशकात पान बनवायचं तर बहुतेकदा एचटीएमएल हातानं लिहायचं, नाहीतर फ्रंटपेज किंवा ड्रीमवीव्हर शिकायचं आणि मग फाइली सर्व्हरवर चढवायच्या. आता ब्राउझरमध्येच पान उघडतं, मजकुरावर बोट ठेवलं की तो बदलता येतो. २००३ मध्ये वर्डप्रेस आलं, २००६ मध्ये विक्स, २००८ मध्ये गूगल साइट्स. जाहिरातीत सगळीच सोपी असतात. तुमच्यासाठी सोपं कोणतं, हे तुमच्या टेबलावर काय आहे यावर ठरतं.

नागझिरा अभयारण्याच्या चोरखमारा गेटच्या बाजूला पर्यटकांना खोल्या देणारे एक भाऊ माझ्याकडे आले. नागझिऱ्याची सफारी पावसाळ्यात बंद असते. नंतर जंगल उघडलं की दर वेगळे, सुट्ट्यांत आणखी वेगळे. मी त्यांना गूगल साइट्स दाखवायला घेतलं. ते फुकट आहे, जीमेलचं खातं पुरतं, पानंही नीटनेटकी होतात. भाऊ पाहत राहिले आणि म्हणाले, "पण माझ्याकडे कम्प्युटर नाही ना जी. सारं मोबाइलवरच करून राहिलो." तिथंच विषय संपला. गूगल साइट्सवर बनवलेलं पान मोबाइलवर छान दिसतं, पण त्यात बदल करायला कम्प्युटर लागतो. त्यांच्यासाठी मोबाइल अ‍ॅप असलेलं, महिन्या-वर्षाचे पैसे घेणारं विक्स बरं पडलं. राइस मिलच्या ऑफिसात मात्र कम्प्युटर असतो, त्यावर बसणारा मुनीम असतो. पाच-सहा पानांची साइट, भावाचा तक्ता, नकाशा, दाबलं की थेट व्हॉट्सअ‍ॅप उघडणारं बटण, एवढंच हवं असेल तर तिथं गूगल साइट्ससाठी एक रुपयाही खर्च करायची गरज नाही.

वर्डप्रेसबद्दल लोकांचा हमखास घोळ होतो, कारण त्या नावाच्या दोन गोष्टी आहेत. एक मोफत सॉफ्टवेअर, जे आपण सर्व्हरवर जागा भाड्यानं घेऊन तिथं बसवायचं. दुसरी त्याच नावाची तयार सेवा, जिथं जागेची काळजी तेच घेतात. पहिल्या प्रकारात मोकळीक भरपूर, पण त्याला जोडलेले प्लगइन वेळोवेळी अपडेट करावे लागतात. तसेच सोडले तर कोणीतरी भलत्याच जाहिराती घुसवतो. शेकडो वस्तूंची यादी असेल आणि घरात एखादा पोरगा यात रमणारा असेल तरच मी ते सुचवते. झोहो ही आपल्या तमिळनाडूतली कंपनी, तिचंही साइट बनवायचं साधन आहे. हिशेबाला झोहो वापरणाऱ्यांनी ते आधी पाहावं.

आमच्याकडे एक जास्तीची भानगड असते, भाषेची. गिऱ्हाईक इकडून आमगाव-देवरीचं, तिकडून बालाघाट-राजनांदगावचं. फळ्यावर मराठी आणि हिंदी दोन्ही लागतं, तसंच वेबसाइटवरही. साध्या साधनात दोन भाषांची दोन पानं करायची आणि वर दोन बटणं ठेवायची. त्यासाठी महागडी योजना घ्यायची गरज नाही.

भाषेहून मोठी गोची फॉन्टची. दुकानदार पेन ड्राइव्हमध्ये जुन्या पत्रकाचा मजकूर आणतो. तो असतो कृतिदेव नाहीतर श्रीलिपीत. कृतिदेवातला मजकूर तसाच वेबसाइटवर चिकटवला की 'गोंदिया'तला ग इंग्रजी एक्स होतो आणि य चक्क अर्धविराम होऊन बसतो. कारण कृतिदेवात मुळात मराठी अक्षर नसतंच. इंग्रजी अक्षरांना मराठीचा मुखवटा घातलेला असतो. फॉन्ट गेला की मुखवटा उतरतो. वेबसाइटला युनिकोडच लागतं. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर मराठी टाइप करतो ते युनिकोडच, त्यामुळे दुकानदाराला ही विद्या आधीच येत असते, फक्त ते त्याला माहीत नसतं. काही जण यावर तोड म्हणून सगळं पत्रकच फोटो करून पानावर टाकतात. दिसायला ठीक दिसतं, पण भाव बदलायचा तर पुन्हा डीटीपीवाल्याकडे या. म्हणजे जिथून निघालो तिथंच.

फुकटाच्या मोहाचंही सांगते. गूगलनं २०१७ मध्ये नकाशावर नोंद केलेल्या छोट्या धंद्यांना फुकट एकपानी वेबसाइट द्यायला सुरुवात केली. मोबाइलवरून बनायची, देशभर छोट्या दुकानदारांनी ती बनवली. मार्च २०२४ मध्ये गूगलनं ही सोय बंद केली. ती पानं गेली. काही महिने तो पत्ता नकाशावरच्या नोंदीकडे वळवला जात होता, मग तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता पिशव्यांवर, व्हिजिटिंग कार्डांवर छापला होता त्यांना सगळं नव्यानं छापावं लागलं. पण ज्यांनी साइटला स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा पत्ता, घेतलं होतं त्यांना ही झळ लागली नाही. त्यांनी तोच पत्ता दुसऱ्या साधनाला जोडला.

सॉफ्टवेअर येतं-जातं, डोमेन हा तुमच्या वेबसाइटचा सातबारा आहे आणि तो तुमच्याच नावावर हवा. डॉट इन नावाचा वर्षाचा खर्च साधारण हजार रुपयांच्या आसपास. देवनागरीत डॉट भारतही २०१४ पासून मिळतं, पण गिऱ्हाईक अजून इंग्रजीतच पत्ता टाइप करतं, म्हणून मी आधी डॉट इन घ्यायला सांगते. मंडप-डेकोरेशनच्या एका गृहस्थांचं डोमेन साइट बनवणाऱ्यानं स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. वर्षभरानं नूतनीकरणाची वेळ आली. "म्याडम, त्याचा फोनच लागून नाही राहिला," असं सांगत ते माझ्याकडे आले. ऐन लग्नांच्या दिवसांत साइट बंद. शेवटी वेगळ्या नावानं नवीन डोमेन घ्यावं लागलं.

आणखी एक विचारून घ्या: उद्या सोडून जायचं झालं तर सोबत काय नेता येईल? वर्डप्रेसचं मोफत सॉफ्टवेअर असेल तर सगळी साइट उचलून दुसऱ्या सर्व्हरवर ठेवता येते. विक्सवर बनवलेली तशी नेता येत नाही. मजकूर आणि फोटो काढून घेऊन नव्या जागी पुन्हा बांधावी लागते. यात वाईट काही नाही, फक्त आधी ठाऊक असावं आणि मूळ फोटो आपल्याकडे जपलेले असावेत. पैशांचंही तसंच. पहिल्या वर्षाचा स्वस्त दर पाहून भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा दर किती ते विचारा.

निवड करायची माझी रीत साधी आहे. बहुतेक साधनं पैसे भरण्याआधी वापरून पाहता येतात. तुमच्या रोजच्या मोबाइलवर किंवा दुकानातल्या कम्प्युटरवर बसा आणि शेजारी कोणी जाणकार नसताना तीन कामं करून पाहा: एक भाव बदला, एक फोटो टाका, 'उद्या दुकान बंद' अशी सूचना लावून परत काढा. अर्ध्या तासात जमलं तर ते सॉफ्टवेअर तुमचं. नाही जमलं तर ते कितीही नावाजलेलं असो, सोडून द्या.

आणि ज्यांची वेबसाइट आधीच आहे त्यांनी आज बनवणाऱ्याला एक फोन करावा. डोमेन कोणाच्या ईमेलवर आहे, पासवर्ड काय आणि मुदत कधी संपते, हे तिन्ही वहीत लिहून घ्यावं. तो टाळाटाळ करू लागला तर मुदत संपायची वाट पाहू नका, लगेच मागे लागा.