वैद्यांचा स्मार्टफोन : निवडीचे तारतम्य

रुग्णाची परीक्षा करताना दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न यांपैकी एकही अंग आपण वगळत नाही. औषधी द्रव्य घेतानाही त्याचा गंध, वर्ण, रस पारखतो, ते जुने की ताजे याची चौकशी करतो. मात्र जे उपकरण आज चिकित्सालयात दिवसभर आपल्या हाती असते, तो स्मार्टफोन आपण बहुधा दुकानदाराच्या किंवा घरातील मुलांच्या सांगण्यावरून घेतो. एकच फोन व्यवसायासाठी आणि घरासाठीही वापरायचा असेल, तर तो कसा निवडावा याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रारंभी आमचाच एक अनुभव नमूद करतो. काही वर्षांपूर्वी घरी आलेल्या पाहुण्यांना आम्ही मुलीच्या वाढदिवसाची छायाचित्रे फोनवर दाखवीत होतो. बोट सरकता सरकता एकाएकी श्वित्राच्या एका तरुण रुग्णेचे छायाचित्र पडद्यावर आले. तिने ते व्हॉट्सॲपवर पाठविले होते आणि फोनने ते आपोआप घरगुती छायाचित्रांत जमा केले होते. पाहुण्यांपैकी एक बाई तिच्याच आळीतल्या निघाल्या. आम्ही रुग्णेला स्वतः हे सांगून क्षमा मागितली. तिने शांतपणे ऐकून घेतले. परंतु त्यानंतर ती चिकित्सेसाठी आली नाही.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्याला उपदेश करताना रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर नेऊ नयेत, असे स्पष्ट बजावले आहे. आज रुग्णाच्या घरातील गोष्टी आपल्या खिशात असतात. म्हणून ‘या फोनमध्ये रुग्णाचे गुपित सुरक्षित राहील काय?’ हा फोन निवडतानाचा पहिला प्रश्न असावा, असे आमचे मत आहे.

एक फोन की दोन?

ज्यांचा फोन घरातील मुले खेळण्यासाठी घेतात, त्यांनी चिकित्सालयासाठी स्वतंत्र, साधा फोन ठेवणे श्रेयस्कर. ज्यांना एकच फोन सोयीचा वाटतो, त्यांनी दोन सिम चालणारा फोन घ्यावा. घरच्या क्रमांकावर नेहमीचे व्हॉट्सॲप आणि चिकित्सालयाच्या क्रमांकावर व्हॉट्सॲप बिझनेस, अशी विभागणी एकाच फोनवर होऊ शकते. मात्र एवढ्याने छायाचित्रे वेगळी होत नाहीत. त्यासाठी आलेली छायाचित्रे गॅलरीत दाखविण्याची सोय व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी.

फोनमध्येच स्वतंत्र कुलपाचा कप्पा असल्यास अधिक उत्तम. सॅमसंगच्या अनेक फोनांत ‘सिक्युअर फोल्डर’ असते. २०२४ साली आलेल्या अँड्रॉइडच्या १५ व्या आवृत्तीत ‘प्रायव्हेट स्पेस’ ही तशीच सोय आहे. तथापि प्रत्येक उत्पादक ती देतोच असे नाही. दुकानातच उघडून पाहावे.

सुरक्षेचे आयुष्य

औषधाला सवीर्यतावधी असतो, तसा फोनलाही असतो. फोनच्या प्रणालीतील उणिवा सतत उघड होत असतात व उत्पादक त्यांवर सुरक्षा-सुधारणा पाठवीत असतो. हा पुरवठा थांबला की फोन वरून धडधाकट दिसला तरी आतून दुर्बल होत जातो. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस २४ मालिकेसाठी ७ वर्षांच्या सुधारणांचे आश्वासन दिले. स्वस्त फोनांत हा काळ पुष्कळ कमी असतो. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. ही वर्षे सामान्यतः तो फोन बाजारात आल्यापासून मोजली जातात, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. २ वर्षांपूर्वीचा फोन सवलतीत मिळाला, तर त्याच्या आयुष्यातील २ वर्षे आधीच सरलेली असतात.

कॅमेरा : दर्शनपरीक्षेचा साहाय्यक

जाहिरातीत मेगापिक्सेलच्या आकड्याला फार महत्त्व दिले जाते. प्रत्यक्षात ५० मेगापिक्सेलचे अनेक कॅमेरे शेजारचे ४ बिंदू एकत्र करून सुमारे १२ मेगापिक्सेलचेच छायाचित्र देतात. तेव्हा आकड्याने दिपून जाऊ नये.

वैद्याच्या दृष्टीने खरा दोष निराळाच आहे. अनेक फोन त्वचा आपोआप गुळगुळीत व उजळ करून दाखवितात. वर्ण, रूक्षता, कंडूने उमटलेले ओरखडे ही ज्यांना लक्षणे म्हणून पाहावयाची आहेत, त्यांच्यासाठी असे ‘सौंदर्य’ म्हणजे निदानातील अडथळाच होय. ही सोय पूर्णपणे बंद करता येते का, हे पाहावे. दुकानाच्या दाराशी, नैसर्गिक प्रकाशात स्वतःच्या तळहाताचे व जिभेचे छायाचित्र काढावे आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहावे. पुढे उपशय पाहण्यासाठी छायाचित्रे काढताना जागा, वेळ व अंतर तेच ठेवावे, आणि व्रणाशेजारी मोजपट्टी ठेवावी.

साठवण आणि बॅटरी

एप्रिल २०२० मध्ये भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने दूरस्थ सल्ल्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली, तेव्हापासून अशा सल्ल्याची नोंद जतन करणे ही वैद्याची जबाबदारी ठरली आहे. साठवणीचा हिशेब त्या दृष्टीने करावा. दिवसाला १० छायाचित्रे, प्रत्येकी ४ एमबी आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर वर्षाला १२ जीबी जागा लागते. घरगुती छायाचित्रे व चित्रफिती त्याहून वेगळ्या. म्हणून १२८ जीबीपेक्षा कमी साठवणीचा फोन घेऊ नये. शक्य असल्यास २५६ जीबीचा घ्यावा.

बॅटरी ५००० एमएएचच्या आसपास असावी. तिचा खरा शत्रू उष्णता आहे. उन्हात तापलेल्या गाडीत फोन ठेवणे किंवा उशीखाली ठेवून चार्ज करणे टाळावे.

पडदा, तेल आणि वाफ

आमच्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्यांना चष्म्याशिवाय बारीक अक्षर दिसत नाही. तेव्हा अक्षर मोठे केल्यावरही रक्ततपासणीचा अहवाल वाचता येतो का, हे पाहावे.

पंचकर्म करणाऱ्यांनी ‘आयपी ६८’ या चिन्हावर फार विसंबू नये. ती चाचणी साध्या, स्वच्छ पाण्यात होते. स्वेदनाची वाफ आणि अभ्यंगाचे तेल यांचा त्यात विचार नाही. स्नेहकक्षात फोन न नेणे हेच उत्तम. तेलकट बोटाने ठसा ओळखला जात नाही, म्हणून ४ ऐवजी ६ अंकी संकेतांक ठेवावा. तो जन्मतारखेचा नसावा.

खरेदीनंतर

स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबल्यास फोनचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो देयकावरील क्रमांकाशी ताडून वहीत लिहून ठेवावा. फोन हरवल्यास पोलिसांत तक्रार करून केंद्र शासनाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावरून तो बंद पाडता येतो, तेव्हा हाच क्रमांक लागतो. जुना फोन बदलून देताना आवश्यक नोंदी अन्यत्र उतरवून घ्याव्यात आणि फोन मूळ स्थितीत आणूनच द्यावा. केवळ छायाचित्रे पुसणे पुरेसे नाही.

रुग्ण किरणोत्साराविषयी विचारतात. भारतात २०१२ पासून फोनच्या लहरींच्या शोषणाची मर्यादा १.६ वॅट प्रति किलोग्रॅम अशी आहे. फोनचे मूल्य त्याच्या माहितीपत्रकात मिळते.

सारांश, भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी या चतुष्पादांत फोनला स्थान नाही; तो भिषकाच्या हातातील एक साधन आहे. दुकानात शिरताना किमतीचा आकडा मनात असावाच. परंतु पैसे मोजण्यापूर्वी क्षणभर आपल्या एखाद्या रुग्णाचा चेहरा डोळ्यांपुढे आणावा आणि त्याचे छायाचित्र आपण या फोनच्या हवाली निःशंकपणे करू काय, असे स्वतःला विचारावे. आम्ही हा प्रश्न वेळेवर विचारला नाही. वैद्यबंधुभगिनींनी तो विचारावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.