गाजरगवताची रासायनिक चढाई

दिल्लीच्या मयूर विहारलगत यमुनेच्या पूरमैदानात भाजीपाल्याची शेती होते. अशा पट्ट्यांतील बांधांवर व पडीक जागांवर पावसाळ्यात गाजरगवत फोफावते आणि चाऱ्याचे गवत मागे हटते. हा केवळ ऊन, पाणी व अन्नद्रव्यांसाठीचा झगडा नव्हे. गाजरगवतात पार्थेनिन हे द्रव्य तसेच कॅफिक, फेरुलिक यांसारखी आम्ले असतात. पावसाने पानांवरून धुऊन, मुळांतून स्रवून आणि पाला कुजताना ती मातीत मिसळतात. त्यामुळे शेजारच्या गवतांच्या बियांची उगवण मंदावते व कोवळी मुळे खुंटतात. या प्रक्रियेस ‘ॲलेलोपॅथी’ म्हणतात.

मूळचे अमेरिका खंडातील हे तण भारतात १९५५च्या सुमारास पुण्यात आढळले. एक झाड हजारो बिया देते. म्हणून ते फुलोऱ्यापूर्वीच, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे व त्याचे कंपोस्ट करावे. ताजा पाला थेट पिकाच्या मातीत गाडू नये. मोकळ्या झालेल्या जागी पावसाळ्यापूर्वी टाकळ्याचे बी विखुरावे. टाकळ्याची दाट वाढ गाजरगवताला पुन्हा डोके वर काढू देत नाही.