न जुळलेला हिशेब

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या हिशेबात शंभर रुपये कमी आले. पेटी ज्या ताईकडे होती, तिच्याकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या. आम्ही वही उघडून एकेक नोंद पुन्हा वाचली, तेव्हा कळलं की एका बाईची बचत आणि कर्जाचा हप्ता एकाच आकड्यात लिहिला होता. पैसे जागेवरच होते. असाच न जुळलेला एक हिशेब आज सांगणार आहोत. तो आहे अणूचा.

अणूच्या मधोमध केंद्रक असतं आणि भोवती इलेक्ट्रॉन. पुरेशा ताकदीचा प्रकाश पडला की एखादा इलेक्ट्रॉन सुटून बाहेर जातो. मागे उरतो त्याला आयन म्हणतात. हे सुटायला वेळ किती लागतो? लागतच नाही, असंच बरीच वर्षं धरलं जायचं. मोजायचं साधनच नव्हतं.

सुपातली ज्वारी पाखडताना मोबाइलवर फोटो काढून बघा. दाण्यांच्या रेघा येतात, कारण फोटो निघेपर्यंत दाणे पुढे सरकलेले असतात. हालचाल जितकी वेगवान, तितका फोटो कमी वेळात टिपावा लागतो. इलेक्ट्रॉनसाठी प्रकाशाची चमक ॲटोसेकंदांची हवी. एका सेकंदाचे एक अब्ज भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा एक अब्ज भाग करा. तो एक ॲटोसेकंद!

अशी चमक मिळण्याची वाट १९८७ साली फ्रान्समध्ये दिसली. ॲन लुइलिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वायूवर जोरदार लेसर सोडला. लेसर इलेक्ट्रॉनला अणूपासून ओढतो, लाट उलटली की परत अणूवर आपटवतो आणि त्यातून नवा प्रकाश निघतो. २००१ मध्ये पिएर आगोस्तिनी आणि फेरेन्ट्स क्राऊस यांनी अशा चमका तयार करून मोजल्या.

२०१० मध्ये क्राऊस यांच्या गटाने निऑन वायूवर प्रयोग केला. अणूतल्या दोन वेगळ्या जागांवरून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांपैकी एक दुसऱ्यापेक्षा सुमारे २१ ॲटोसेकंद उशिरा निघाला. पण कागदावरचं गणित त्याच्या निम्मंही येईना. सात वर्षं हिशेब अडला. २०१७ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठात लुइलिए यांच्या गटाने अधिक बारकाईने मोजलं. जुन्या मोजणीत दुसऱ्याच एका क्रियेतले इलेक्ट्रॉन मिसळले असावेत, असं दिसलं. ते वेगळे धरले आणि गणित जुळलं.

२०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. लुइलिए हा मान मिळवणाऱ्या पाचव्या महिला. बातमीचा फोन आला तेव्हा त्या वर्गात शिकवत होत्या. परत जाऊन त्यांनी तास पुरा केला.

याचा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. रक्ताच्या थेंबात आजाराची खूण अतिवेगवान लेसरने सापडते का, हे क्राऊस यांचा गट तपासतो आहे.

आमच्या गटाची पेटी अजून त्याच ताईकडे आहे. बचत आणि हप्ता आता वेगळ्या रकान्यांत लिहितो. तुमच्या गटात हिशेब अडला, तर आधी वही बघा, मग माणसाकडे.