परातीतलं गणित

भाकरीतली कर्बोदकं मोजायची तर तव्यावर नव्हे, परातीत मोजावीत. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात ती साधारण ६८ ग्रॅम असतात. म्हणजे ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत ३४. पाणी कमीजास्त झालं तर भाकरीचं वजन बदलतं, कर्बोदकं नाहीत. भाताचंही तेच: १०० ग्रॅम कोरड्या तांदळात सुमारे ७८, तर तेवढ्याच शिजलेल्या भातात २८, बाकी बहुतेक पाणी. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर भाकरी कमी करण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा. साखर एकदम उतरू शकते.

पिठल्यासाठी रिकाम्या कढईचं वजन आधी टिपून ठेवा, म्हणजे शिजल्यावर ते वजा करून पिठल्याचं वजन आणि त्यातून आपल्या वाट्याची कर्बोदकं काढता येतील. आणि भाकरी थापताना खाली भुरभुरलेलं पीठ? त्यातलं भाकरीला चिकटतं, तेही धरायचं.